कळतं सगळं, पण तोंडातून निघत नाही: इनुइन्नाक्तुन आणि तिची माणसं

ध्रुवतारा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या कामामुळे दीड वर्षापूर्वी आम्ही केंब्रिज बेला आलो. कॅनडाच्या उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे, त्यातल्या व्हिक्टोरिया बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे गाव. वस्ती अठराशेच्या आसपास. नुनावुतमध्ये २५ गावं आहेत आणि एकाही गावातून दुसऱ्या गावाला रस्ता जात नाही. विमानाने जायचं, नाहीतर हिवाळ्यात बर्फावरून. जड सामान वर्षातून एकदा, उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की बोटीने येतं. डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. पण या सगळ्याची सवय होते. ज्याची अजून झाली नाही ते सांगायला हा धागा.

इथली मूळ भाषा इनुइन्नाक्तुन. इनुइट भाषांच्या मोठ्या कुटुंबातली ही एक. पूर्वेकडच्या गावांत जी बोलतात ती इनुक्टिटुट, आणि दोघींना मिळून आता इनुक्टुट म्हणतात. इनुक्टिटुट बोलणारे हजारोंनी आहेत. इनुइन्नाक्तुन नीट बोलणारे आता काही शेकड्यांत उरलेत, तेही मुख्यतः इथे, कुग्लुक्टुकला आणि उलुखाक्तोकला. त्यातले बहुतेक आजी-आजोबांच्या वयाचे.

मी दर बुधवारी संध्याकाळी शिवणाला जाते. सात-आठ जणी जमतो. मधोमध एक आजी, वय ऐंशीच्या पुढे. सीलच्या कातड्याचे हातमोजे शिवायला शिकवतात. हातात उलू असतो, म्हणजे अर्धचंद्राच्या पात्याची, वरून मूठ असलेली बायकांची सुरी. कातडं कापताना त्या उलू ओढत नाहीत, डोलवतात. केस कापले जाऊ नयेत म्हणून मागच्या बाजूने, अलगद.

आजी पूर्ण वेळ इनुइन्नाक्तुनमध्ये बोलतात. बाकीच्या जणी पस्तीस ते पन्नासच्या. आजींनी गंमत सांगितली की बरोब्बर जागी हसतात. "तो तुकडा दे" म्हटलं की तोच तुकडा उचलून देतात. आणि उत्तर देतात इंग्रजीत. दर वेळी. पहिल्या महिन्यात मला वाटलं, मी बसलेय म्हणून माझ्यासाठी इंग्रजी बोलतायत. एकदा आजींनी माझ्या शेजारच्या बाईला काहीतरी विचारलं. तिने तोंड उघडलं, ओठ हलले, एक क्षण थांबली, मग इंग्रजीत बोलली आणि खाली बघून टाके घालायला लागली. निघताना तिनेच सांगितलं: "सगळं कळतं गं मला. आतून येतं ते गळ्यापर्यंत येतं. पण मी चुकेन, आणि त्या माझी चूक काढतील, याची फार भीती वाटते."

ती पंचेचाळीस वर्षांची आहे. तिच्या मुलांना कळतही नाही.

'भाषा मरते' असं आपण एका झटक्यात म्हणून टाकतो. मला इथे दिसतंय की ती एकदम जात नाही, मध्ये एक अख्खी पिढी अशी येते जिला कळतं आणि बोलता येत नाही. ही पिढी कुठल्याच मोजणीत धड बसत नाही. मला याच माणसांबद्दल बोलायचं आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, जमेल तसं सांगेन.

सह्यभटक्या
वा, काय जगावेगळ्या ठिकाणाहून लिहिताय! आम्ही शाळेच्या पुस्तकात एस्किमो आणि त्यांची इग्लू एवढंच शिकलो. दोन प्रश्न. एस्किमो म्हणायचं की इनुइट? आणि त्यांच्याकडे बर्फाला शंभर शब्द असतात हे खरं का?

ध्रुवतारा
इनुइट म्हणा. एस्किमो हा बाहेरच्यांनी दिलेला शब्द, इथे तो लोकांना टोचतो. १९७७ साली अलास्कातल्या बॅरो इथे ध्रुवप्रदेशातल्या इनुइट प्रतिनिधींची परिषद झाली, तेव्हापासून त्यांनी स्वतःसाठी इनुइट हेच नाव धरलंय. त्याचा अर्थ 'माणसं'. आणि इग्लू म्हणजे फक्त 'घर'. आमचं लाकडी, पंप लावून गरम केलेलं घरही इग्लूच.

बर्फाचं म्हणाल तर फ्रान्झ बोआस या अभ्यासकाने १९११ मध्ये चार शब्द नोंदवले होते: जमिनीवर पडून राहिलेलं, हवेतून पडत असलेलं, वाऱ्याबरोबर सरपटणारं आणि वाऱ्याने साचवलेला ढीग. पुढे सांगणाऱ्यांनी चाराचे शंभर केले. खरी गंमत शब्द किती यात नाहीच. या भाषेत एका धातूला मागून प्रत्यय लागत जातात आणि अख्खं वाक्य एका शब्दात मावतं. इनुक्टिटुटमधलं एक नेहमी दिलं जाणारं उदाहरण: तुसात्सिआरुन्नान्ङित्तुआलूयुंगा. 'मला अजिबात नीट ऐकू येत नाही' एवढा त्याचा अर्थ. 'तुसा' म्हणजे ऐकणे, मग नीट, मग शकणे, मग नकार, मग फार, आणि शेवटी 'मी'. मग शब्द मोजायचे तरी कसे?

बंदरावरचा
धागा छान. आमच्याकडे भरती-ओहोटी सगळ्यांना माहीत असते, पण उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द होडीवर जाणाऱ्यालाच लागतात. माझा पुतण्या मुंबईला नोकरी करतो, त्याला भांग म्हणजे केसांतला तेवढाच माहीत. ज्याचं पोट पाण्यावर, त्याच्याच तोंडी ते शब्द. तिकडे मासेमारी आहे का अजून?

ध्रुवतारा
@बंदरावरचा, अगदी बरोबर बोललात. मासेमारी भरपूर आहे. गावाचं मूळ नावच इकालुक्टुत्तिआक, म्हणजे 'जिथे मासे चांगले मिळतात ती जागा'. इकालुक म्हणजे मासा. इथला 'आर्क्टिक चार' नावाचा मासा चवीला रावसाच्या जवळ जातो असं मला वाटतं, पण घरी यावर एकमत नाही! केंब्रिजचा कुणी ड्यूक होता म्हणून नकाशावर त्याचं नाव चढलं. त्या नावावरून कुणाला एक मासा मिळणार नाही. जुन्या नावात पत्ता आहे. कुग्लुक्टुकचं तसंच. वाहत्या पाण्याची जागा. त्याला आधी कॉपरमाइन म्हणत, १९९६ मध्ये गावाने आपलं नाव परत घेतलं.

लिपीवेडा
या धाग्यावर मला बोलायलाच हवं. इनुक्टिटुट ज्या लिपीत लिहितात त्या लिपीचं आपल्या देवनागरीशी नातं आहे, असं अनेक अभ्यासक मानतात!

जेम्स एव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने १८४० च्या सुमारास क्री या कॅनडातल्या आदिवासी भाषेसाठी ही लिपी बनवली. त्याच्यासमोर दोन नमुने होते असं म्हणतात: पिटमनचं लघुलेखन आणि देवनागरी. देवनागरीतून त्याने घेतलं ते तत्त्व, की एका चिन्हात व्यंजन आणि स्वर दोन्ही असावेत. आपण क ला मात्रा लावतो, ते चिन्हच फिरवतात. त्रिकोणी खूण वर टोक करून काढली की 'पि', उजवीकडे टोक केलं की 'पु', डावीकडे केलं की 'पा'. आपण पाय मोडतो तिथे ते तेच चिन्ह बारीक करून वर काढतात. पुढे मिशनऱ्यांनीच ती इनुइटांपर्यंत नेली आणि एडमंड पेकने १८७६ पासून तिचा प्रसार केला. लोकांनी ती एकमेकांना शिकवली, शाळेशिवाय.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. कुठे हडसनचा उपसागर आणि कुठे आपली बाराखडी.

ध्रुवतारा
@लिपीवेडा, मनापासून आभार! एक भर घालते. इनुइन्नाक्तुन मात्र रोमन लिपीत लिहितात, मिशनरी वेगळे आले म्हणून. त्यामुळे एकाच प्रदेशात शेजारच्या दोन गावांची पुस्तकं एकमेकांना वाचता येत नाहीत असं होतं. २०१९ मध्ये कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने, इनुइट तापिरीट कानातामीने, सगळ्यांसाठी एक समान रोमन लिपी मंजूर केली. पूर्वेकडच्या अनेकांना ते रुचलेलं नाही. ती त्रिकोणांची लिपी त्यांना आपली वाटते, कुणी का आणलेली असेना.

आणि आवडेल अशी एक गोष्ट: या भाषेत द्विवचन आहे. इनुक एक माणूस, इनूक दोन माणसं, इनुइट तीन किंवा जास्त. हातमोजा पुआलुक, आणि जोडी पुआलूक. ऱ्हस्व उ दीर्घ केला की एकाचे दोन होतात.

लिपीवेडा
ऱ्हस्व-दीर्घावर जोडी अवलंबून! संस्कृतातलं द्विवचन आपण केव्हाच सोडलं, त्यांनी अजून जपलंय.

पाचवीच्या_बाई
मी नंदुरबारकडे प्राथमिक शाळेत शिकवते. तुम्ही लिहिलेली ती बाई मला रोज वर्गात दिसते, फक्त ती दहा वर्षांची असते. घरी भिली किंवा पावरी, पुस्तक मराठी. पोरांना सगळं कळतं, उत्तर येत नाही. आपल्याला वाटतं पोर मंद आहे. मंद नसतं, घाबरलेलं असतं. इथे मराठी ही मोठी भाषा आहे आणि घाबरवणारे आपण आहोत, हे मला नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत कळलं नव्हतं. त्या दोन वर्षांतल्या पोरांची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

एक विचारते, तिकडे ही भीती आली कुठून? शाळेतूनच का?

ध्रुवतारा
@पाचवीच्या_बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हो, शाळेतूनच.

या भागातल्या मुलांना वसतिगृहाच्या शाळांत नेलं जायचं. काहींना अक्लाविकला, १९५९ पासून इनुविकच्या दोन मोठ्या वसतिगृहांत. कॉपरमाइनला तर १९५५ ते १९५९ तंबूंचं वसतिगृह होतं. ऑगस्टच्या शेवटी विमान यायचं, मुलं गोळा करून न्यायचं, ती उन्हाळ्यात परत यायची. आपली भाषा बोललं की शिक्षा व्हायची, असं कितीतरी जणांनी पुढे या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगापुढे सांगितलं. कॅनडाच्या पंतप्रधानांनी ११ जून २००८ ला संसदेत माफी मागितली.

मुलांचं काय व्हायचं बघा. सहा-सात वर्षांचं मूल दहा महिने दूर. परत आलं की आईशी बोलायला शब्द अपुरे. आई इंग्रजी जाणत नाही. ती मुलं मोठी झाली आणि त्यांनी ठरवलं, आपल्या लेकरांच्या वाट्याला हे नको. म्हणून घरात इंग्रजी आणली. प्रेमापोटी आणली. माझ्या शेजारी बसून शिवणाऱ्या त्या याच लेकी.

नावांचंही तसंच. इनुइटांना आडनाव नसायचं. सरकारला नोंदी ठेवायला अवघड जातं म्हणून १९४१ पासून प्रत्येकाला क्रमांक दिला आणि तो कोरलेली चकती गळ्यात किंवा मनगटाला बांधायला दिली. एक अक्षर, पुढे आकडे. साठच्या दशकाच्या अखेरीस एब ओकपिक हे इनुइट गृहस्थ गावोगाव फिरले आणि लोकांकडून आडनावं निवडून घेतली, तेव्हा कुठे चकत्या मागे पडल्या.

खरं तर त्यांची नावं ठेवायची पद्धत फार सुंदर आहे. वारलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात आणि मग नातंही तेच चालतं. आजीच्या आईचं नाव नातीला दिलं असेल तर आजी त्या तान्हुलीला 'आई' म्हणून हाक मारते. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की घरातली सून ते नाव घेऊन रागवायला कचरते, त्याची आठवण झाली.

तर्कसंगत
लेख चांगला आहे, पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. काही शेकडा माणसांच्या भाषेसाठी एवढी शक्ती का घालवायची? मुलांना इंग्रजीत उत्तम शिकवा, नोकऱ्या मिळतील, हालअपेष्टा कमी होतील. भाषा बदलतातच. सहानुभूती आहे, पण पोट आधी.

माहेरवाशीण
@तर्कसंगत, "इंग्रजीत उत्तम शिकवा" हेच तर त्यांच्यासोबत केलं ना? मी न्यू जर्सीत राहते. माझा मुलगा मराठी समजतो, बोलत नाही. हा धागा वाचताना ते 'गळ्यापर्यंत येतं' वाक्य आलं तिथे मी थांबले. पण माझ्या मुलाची मराठी गेली तरी मराठी कोट्यवधी लोकांत राहील. त्या बाईच्या मुलांची गेली तर ती कुठूनच परत आणता यायची नाही. म्हणून मी माझं दुःख तिच्या दुःखाशेजारी ठेवणार नाही.

ध्रुवतारा
@तर्कसंगत, प्रश्न रास्त आहे, मला इथल्या अनुभवातून सांगू दे. नोकऱ्या आहेत. पण दक्षिणेकडून आमच्यासारखे लोक करारावर येतात, दोन-तीन वर्षं राहतात, जातात. १९९३ च्या नुनावुत कराराच्या २३ व्या कलमात लिहिलंय की सरकारी नोकऱ्यांत इनुइटांचं प्रमाण लोकसंख्येइतकं असावं, म्हणजे सुमारे ८५ टक्के. प्रत्यक्षात ते निम्म्याच्या आसपास घुटमळतं. इंग्रजी आली, भाषा गेली, आणि नोकरी तरीही बाहेरच्याला मिळाली. पोटाचाही प्रश्न सुटला नाही. उलट जी कामं इनुक्टुट येणाऱ्यालाच करता येतात, दुभाष्याची, शिक्षकाची, म्हाताऱ्या माणसांशी बोलायची, त्यांना माणसं मिळत नाहीत.

कायदा आहे. २००८ मध्ये भाषासंरक्षणाचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या शिक्षण कायद्याने २०१९-२० पर्यंत सगळ्या इयत्तांत द्विभाषिक शिक्षणाचं वचन दिलं. शिक्षक तयार झाले नाहीत. २०२० मध्ये ती मुदत टप्प्याटप्प्याने थेट २०३९ पर्यंत ढकलली. २०२१ मध्ये नुनावुत तुंगाविक या इनुइट संस्थेने सरकारवर खटला भरला. २००१ मध्ये नुनावुतमधल्या ७२ टक्के लोकांची मातृभाषा इनुक्टुट होती, २०१६ ला ६५. आमचा भाग यात सगळ्यात मागे.

आणि शक्ती वाया गेली असं म्हणाल, तर इग्लूलिकचं ऐका. दूरदर्शन उत्तरेत आलं तेव्हा त्या गावाने मतदान घेतलं. १९७५ ला नाही म्हणाले, १९७९ ला पुन्हा नाही म्हणाले, कारण त्यावर आपल्या भाषेत काहीच नव्हतं. १९८१ मध्ये इनुइटांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली, त्यानंतर १९८३ ला इग्लूलिकने होकार दिला. तिथे आजही मुलं रस्त्यावर इनुक्टिटुट बोलतात. अशी गावं गरीब राहिली आणि बाकीची श्रीमंत झाली, असं काही झालेलं नाही.

तर्कसंगत
नोकऱ्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. भाषा सोडली तर नोकरी मिळते हे मी गृहीत धरलं होतं. मान्य. तरी काही शेकड्यांवरून परत येणं कसं शक्य आहे ते मला अजून दिसत नाही.

कोपनहेगनकर
मी डेन्मार्कमध्ये असतो, ग्रीनलंडच्या बाजूने लिहितो. एकूण वस्ती छप्पन-सत्तावन्न हजार, आणि तरीही तिथली इनुइट भाषा, कालाल्लिसुट, ठणठणीत आहे. तिथलं वर्तमानपत्र १८६१ पासूनचं! २१ जून २००९ ला स्वशासन आलं आणि कालाल्लिसुट ही एकमेव राजभाषा झाली. म्हणजे आकडा लहान असला तरी भाषा जगू शकते, शाळा आणि छापखाना तिचा असला तर.

जखमा तिथेही आहेत. १९५१ मध्ये २२ मुलांना 'डॅनिश बनवायला' डेन्मार्कला आणलं. त्यातली बरीच परत गेली तेव्हा त्यांना घरच्यांशी बोलता येईना. पंतप्रधानांनी त्याची माफी २०२० मध्ये मागितली.

एक बारीक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ग्रीनलंडच्या अगदी उत्तरेला कानाक गाव आहे. तिथले इनुघुइट वेगळी इनुक्टुन बोलतात, हजाराच्या आतले लोक. अमेरिकन हवाई तळासाठी १९५३ मध्ये त्यांना त्यांच्या गावातून शंभरएक किलोमीटर उत्तरेला हलवलं. २००३ ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली, परत जाण्याचा हक्क नाकारला. आता त्यांच्या मुलांची शाळा आणि चर्चची पुस्तकं कालाल्लिसुटमध्ये आहेत. म्हणजे जी भाषा डॅनिशपासून वाचली, तीच आता धाकट्या बहिणीला झाकोळून टाकतेय. पाचवीच्या बाईंनी मराठीबद्दल लिहिलं ते वाचून हे आठवलं.

लिपीवेडा
कोपनहेगनकर, ग्रीनलंडवरून आठवलं. क्नुड रासमुसेन हा ध्रुवप्रदेशाचा शोधप्रवासी ग्रीनलंडमध्येच जन्मला, लहानपणी तिथली भाषा बोलत वाढला. १९२१ ते १९२४ च्या मोहिमेत तो कुत्र्यांच्या गाडीने हडसनच्या उपसागराकडून अलास्कापर्यंत गेला आणि वाटेत जवळजवळ सगळीकडे त्याला आपल्या भाषेत बोलता आलं. केवढा पल्ला! ध्रुवताराताई, तुमच्या भागातूनही तो गेला असणार.

ध्रुवतारा
हो, या भागातून १९२३-२४ मध्ये गेला. त्याच्याही आधी, १९१४ ते १९१६ मध्ये डायमंड जेनेस या न्यूझीलंडच्या माणसाने या बाजूच्या लोकांची ढोलावरची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. शंभरावर गाणी. इथल्या लोकांच्या पणजोबा-पणजींचे आवाज आहेत ते.

@तर्कसंगत, "कसं शक्य आहे" याचं उत्तर मला जेवढं दिसतं तेवढं सांगते. गावात एक वारसा संस्था आहे, पित्कुहिर्निक्कुत इलिहाउतिनिक. तिथे गुरू-शिष्य जोड्या लावतात. ही पद्धत मूळची कॅलिफोर्नियातली, तिथल्या आदिवासी भाषांसाठी नव्वदच्या दशकात तयार झालेली. एक जाणती व्यक्ती, एक शिकणारी. वर्ग नाही, फळा नाही. दोघांनी मिळून मासा कापायचा, चहा करायचा, शिवायचं, आणि तेवढा वेळ इंग्रजी बंद. लहान मुलांपासून सुरुवात का नाही, असं मीही विचारलं होतं. उत्तर असं मिळालं की मुलांशी घरी बोलणार कोण? आधी आई बोलती व्हायला हवी. ज्यांना सगळं कळतं त्यांना कोरी पाटी घेऊन बसावं लागत नाही. त्यांचं फक्त तोंड उघडायचं राहिलंय.

पाचवीच्या_बाई
"आधी आई बोलती व्हायला हवी." हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

आणि इंग्रजी बोलणाऱ्या त्या मुलांमध्ये जुनं काहीच उरत नाही का?

ध्रुवतारा
उरतं! भुवई. इथे 'हो' म्हणायला भुवया उंचावतात आणि 'नाही'ला नाक मुरडतात. ज्या पोरांना आजीचं एक वाक्य कळत नाही तीही दुकानात "चॉकलेट हवं?" विचारलं की बोलत नाहीत, भुवया उडवतात. मी आल्या आल्या समोरच्याच्या उत्तराची वाट बघत उभी राहायचे आणि उत्तर कधीच देऊन झालेलं असायचं. आपली मान डोलावणं त्यांनाही असंच बुचकळ्यात टाकतं.

बंदरावरचा
ताई, धागा वर काढतोय. दोन आठवडे झाले, शिवण कुठवर आलं?

ध्रुवतारा
आठवण ठेवलीत, बरं वाटलं. माझा एक हातमोजा झाला, अंगठा जरा वाकडा बसलाय, आजींनी उसवून परत घालायला लावला.

काल बुधवार होता. शेजारच्या बाईची जोडी पूर्ण झाली. तिने ती आजींसमोर ठेवली. आजींनी दोन्ही मोजे उलटे करून टाके बघितले आणि बोट ठेवून काहीतरी विचारलं. मला एवढंच समजलं की 'हे काय' असं काहीतरी. सगळं माहीत असलेली गोष्ट मुद्दाम विचारत होत्या.

ती थांबली. मग म्हणाली, "पुआलुक."

आजींनी एक मोजा उचलला, "पुआलुक." दुसरा त्याच्या शेजारी ठेवला, "पुआलूऽक."

खोलीत कुणी हसलं नाही. ती लाल झाली होती, पण तिने इंग्रजी काढलं नाही. "पुआलूक," म्हणाली. आजींनी भुवया उंचावल्या आणि पुढचं कातडं तिच्यासमोर सरकवलं.